रझांच्या बिंदूआधीची मुंबई

चित्रकार सय्यद हैदर रझा म्हटलं की काळा बिंदू डोळ्यांसमोर येतो. मंडला जिल्ह्यातलं जंगल, लहानपणी मन एकाग्र व्हावं म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढलेला ठिपका, ही गोष्ट रझा स्वतः सांगत. ती खरीच आहे. पण तेवढीच सांगितली तर त्यांची मुंबईतली चित्रं विसरली जातात आणि अमूर्ताकडचा प्रवास चमत्कारासारखा वाटू लागतो.

रझांचा जन्म १९२२ चा. नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते १९४३ मध्ये मुंबईत आले. दिवसा छपाईचे ब्लॉक तयार करणाऱ्या स्टुडिओत नोकरी, उरलेल्या वेळात जलरंग. फोर्टातले रस्ते, फ्लोरा फाउंटनचा परिसर, पावसात चकाकणारा डांबरी रस्ता असे त्यांचे विषय. ही चित्रं नीट पाहावीत. माणसं आहेत, पण फटकाऱ्यापुरती. इमारतींच्या कडा ओल्या रंगात विरघळतात. ओळखू येण्यापेक्षा रंग महत्त्वाचा, हे तेव्हाच ठरलेलं दिसतं. कलासमीक्षक व्हॉन लेडन आणि चित्रकार लँगहॅमर यांच्यासारख्या जाणकारांनी त्यांना उचलून धरलं. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलाकारांचा गट उभा राहिला.

पुढच्या वर्षी काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रांत बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान अभ्यासा, असा त्यांचा सल्ला होता. रझांनी तो मनावर घेतला, फ्रेंच शिकले आणि १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा टप्पा यानंतरचाच. १९५१ च्या ‘ओ द कान्य’ या चित्रामध्ये डोंगरावरचं गाव आहे, पण रस्त्यावर कुणीच नाही. घरं म्हणजे एकमेकांना खेटून बसवलेले कोनदार आकार. मुंबईत विरघळणारी भिंत इथे ताठ उभी राहिली. त्या काळातल्या काही चित्रांत घरांवर काळा सूर्यही येतो. बिंदूचा मागोवा घेणाऱ्याने आधी तिथे थांबायला हवं.

मग रंगाने घरांवर कुरघोडी केली. तैलरंगाचे जाड थर आले, १९५६ मध्ये फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले असताना अमूर्त चित्रकार रॉथकोची चित्रं पाहिली आणि रंगक्षेत्र, म्हणजे रंगाचा मोठा सलग भाग, एकट्याने चित्र पेलू शकतं याची खात्री पटली. छपरं, खिडक्या, क्षितिज, सगळं हळूहळू गळून पडलं. राहिली ती रात्र, माती, ऊन यांची आठवण.

सत्तरच्या दशकात भारतात पुन्हा पुन्हा येणं झालं, राजस्थानचे रंग आणि लघुचित्रांची चौकट कामात उतरली. दशक संपता संपता बिंदू ठामपणे मध्यभागी आला. त्रिकोण, चौकोन, पंचतत्त्वं त्याच्याभोवती रचली गेली. २०१० मध्ये रझा दिल्लीला परतले आणि २०१६ मध्ये जाईपर्यंत रंगवत राहिले.