सवय २१ दिवसांत लागते? एक खुलासा

लातूरच्या नीटवाल्या पोरांमध्ये २१ दिवसांचं गणित पक्कं बसलंय. भिंतीवर २१ चौकोनांचा कागद चिकटवायचा, पहाटे चारला उठून रोज एक चौकोन खोडायचा, की सवय लागलीच म्हणून समजा. मग बाविसाव्या दिवशीही गजर बंद करून झोपावंसं वाटलं, की पोरगं म्हणतं, 'माझ्यातच काही दम नाही.' याचंच मला वाईट वाटतं, कारण मुळात तो आकडाच चुकीच्या जागी लावलाय.

मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकी प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली मांडलं. अभ्यासाच्या वेळापत्रकाशी त्याचा संबंध नव्हता.

सवयीची खरी मोजणी केली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी एकेक सवय निवडली, ती रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली, जसं की नाष्टा झाल्यावर, आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. ती गोष्ट आपसूक होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात, असं दिसलं. पण नोंदींवरून बांधलेला अंदाज कुणासाठी १८ दिवसांचा, तर कुणासाठी तब्बल २५४ चा निघाला! पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर रुळली, व्यायाम रेंगाळला. आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

त्यामुळं पोळ्याला गावाकडं गेलात आणि एक दिवस बुडाला, तर पुन्हा पहिल्या चौकोनापासून मोजू नका. कागद लावायचाच असेल, तर तीन महिन्यांचा लावा.