लेझर काढून टाकल्यावर मोटार पाहते कशी?

स्वस्त स्मार्टफोनच्या सुरुवातीच्या काळात ज्यांनी मोबाइलवर इंटरनेट वापरले, त्यांना यूसी ब्राउझर नक्की आठवत असेल. जून २०२०मध्ये भारत सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली, त्यात तोही गेला. त्याच्या संस्थापकांपैकी एक म्हणजे ह शियाओपेंग. २०१४मध्ये त्यांची कंपनी अलीबाबाने विकत घेतली आणि त्याच वर्षी त्यांच्या पाठबळावर ग्वांगझू शहरात विजेच्या मोटारी बनवणारी एक्सपेंग ही कंपनी उभी राहिली. ऑगस्ट २०२०मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. २०२३मध्ये फोक्सवॅगनने सुमारे ७० कोटी डॉलर गुंतवून तिच्यात जवळपास पाच टक्के हिस्सा घेण्याचे ठरवले.

बॅटरी आणि चार्जिंगच्या बाबतीत चीनमधल्या इतर कंपन्याही तोडीस तोड आहेत. एक्सपेंगचे वेगळेपण आहे ते मोटारीने रस्ता कसा पाहावा या प्रश्नावर तिने तीन वर्षांत बदललेल्या भूमिकेत. २०२१मध्ये आलेल्या तिच्या पी५ या गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारे सेन्सर, होते. सर्वसामान्य ग्राहकांसाठी मोठ्या संख्येने बनलेल्या आणि लायडार बसवलेल्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी ही एक. नोव्हेंबर २०२४मध्ये पी७ प्लस ही गाडी आली तेव्हा त्यात लायडार नव्हता. पुढच्या वर्षी जी६ आणि जी९ या गाड्यांमधूनही तो काढला गेला.

लायडार लेझरचे अतिशय छोटे झोत सोडतो आणि ते समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. दोनशे मीटरवरच्या वस्तूपर्यंत जाऊन यायला प्रकाशाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. या मोजणीत एका नॅनोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाची, चूक झाली तर अंतर चुकते ते फक्त १५ सेंटीमीटरने. समोरची वस्तू ट्रक आहे की सिमेंटचा कठडा, हे लायडारला ठाऊक नसले तरी ती किती अंतरावर आहे, हे तो जवळपास अचूक सांगतो.

कॅमेऱ्याचे याच्या उलट आहे. त्याला रंग, अक्षरे, सिग्नल, पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे सगळे दिसते, पण अंतर मोजता येत नाही. त्याचा अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज किती नाजूक असतो ते एका छोट्या हिशेबाने कळेल. समजा, १२० अंशांचा आडवा पट्टा टिपणारा ३,८४० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा आहे. म्हणजे एका अंशाला ३२ पिक्सेल आले. एक मीटर रुंदीचा अडथळा दोनशे मीटरवर असेल तर या चित्रात तो जेमतेम नऊ पिक्सेल व्यापतो. तोच दहा पिक्सेलचा वाटला, तर अंतर सुमारे १८० मीटर निघते. एका पिक्सेलने वीस मीटरचा फरक पडला!

अर्थात, गाडीतला संगणक एवढ्या एकाच खुणेवर विसंबत नाही. रस्त्याची रेघ क्षितिजाकडे कशी निमुळती होत जाते, गाडी पुढे सरकताना जवळच्या वस्तू झपाट्याने आणि लांबच्या सावकाश कशा सरकतात, हे सगळे न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय यंत्रणा, विचारात घेते. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे एकत्र करून ते गाडीभोवतालच्या जागेचा वरून पाहिल्यासारखा नकाशा सेकंदाला अनेकदा नव्याने तयार करते. मोटार उद्योगात अशा नेटवर्कला शिकवतानाही अनेकदा लायडार बसवलेल्या गाड्याच वापरतात: कॅमेऱ्याच्या चित्राशेजारी लायडारने मोजलेले खरे अंतर ठेवायचे आणि अंदाज कुठे चुकला ते नेटवर्कला दाखवून द्यायचे. ग्राहकाच्या गाडीतून लायडार गेला तरी तिच्या शिकवणीत तो असू शकतो.

मग तो काढायचाच कशाला? पैसे वाचतात हे उघड आहे, पण लायडार आता पूर्वीइतका महागही राहिलेला नाही. मला जास्त पटणारे कारण माहितीच्या प्रमाणाचे आहे. लायडारचे ठिपके विरळ असतात आणि साधारणपणे सेकंदाला दहा वेळाच नवे येतात. कॅमेरे त्याहून कितीतरी दाट चित्रे भराभर देतात, आणि आजच्या शिकणाऱ्या यंत्रणांना अशी दाट माहितीच हवी असते. ती पचवायला संगणकही तेवढाच ताकदवान लागतो. २०२५च्या जी७ या गाडीच्या सर्वांत महागड्या प्रकारात एक्सपेंगने स्वतः आरेखित केलेल्या तीन ट्यूरिंग चिप आहेत. तिन्ही मिळून सेकंदाला बावीसशे लाख कोटींहून अधिक आकडेमोडी करू शकतात, असे कंपनी सांगते.

कॅमेऱ्याची जुनी दुखणी मात्र चिपने बरी होत नाहीत. बोगद्यातून बाहेर पडताना डोळे दिपतात, रात्री समोरून अपर लाइट आला की त्यामागे चालणारा माणूस दिसत नाही. कॅमेऱ्याचेही तसेच होते. पी७ प्लसमध्ये यासाठी एक वेगळा सेन्सर वापरला आहे आणि त्यातली कल्पना मला फार आवडली. नेहमीच्या सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेल म्हणजे नळाखाली ठेवलेला तांब्या समजा. प्रकाश पडला की त्यात विद्युतभार साठतो. तांब्या भरला की पुढे कितीही पाणी आले तरी मोजता येत नाही आणि चित्राचा तो भाग नुसता पांढरा पडतो. तांब्या मोठा घेतला तर अंधारातले थेंबभर पाणी तळाशी कळतच नाही. नव्या सेन्सरमध्ये तांब्या लहानच आहे, पण त्याखाली परात ठेवली आहे. ओसंडलेला भार शेजारच्या छोट्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे भार साठवणाऱ्या घटकात, जमा होतो आणि दोन्ही मोजून एकाच क्षणी लख्ख उजेड आणि गडद सावली दोन्ही टिपता येतात. दोन वेगवेगळ्या वेळी काढलेली चित्रे एकावर एक चढवावी लागत नसल्याने धावणारी वस्तू फाटलेली दिसत नाही.

कॅमेऱ्यांना रडारची जोड असते. धुके आणि पाऊस त्याला फारसे अडवत नाहीत, वेगही ते थेट मोजते. पण स्थिर वस्तूंच्या बाबतीत ते कमी पडते. रस्त्यावरचे फलक, पूल, झाकणे यांच्यावरून सतत लहरी परत येत असतात. त्या प्रत्येकीसाठी ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून पारंपरिक रडारमध्ये स्थिर वस्तूंच्या बऱ्याचशा नोंदी गाळून टाकतात. रस्त्यात आडवा ठेवलेला कठडा नेमका याच गाळणीत सापडू शकतो.

२९ मार्च २०२५च्या रात्री चीनच्या आन्हुई प्रांतात एका द्रुतगती मार्गावर शाओमीची एसयू७ गाडी सिमेंटच्या कठड्यावर आदळली आणि आतल्या तिघी तरुणी दगावल्या. एक्सपेंगचा या अपघाताशी संबंध नव्हता. दुरुस्तीसाठी लेन बंद होती. गाडी चालक-सहायक यंत्रणेवर ताशी ११६ किलोमीटर वेगाने चालली होती आणि त्या प्रकारात लायडार नव्हता. कंपनीने दिलेल्या नोंदीनुसार यंत्रणेला अडथळा दिसला, तिने इशाराही दिला, चालक तरुणीने लगेच ताबा घेतला. पण इशारा आणि धडक यांच्यात दोन ते चार सेकंदच होते. त्या वेगात गाडी एका सेकंदात ३२ मीटर कापते.

लायडार असता तर तो कठडा आधी दिसला असता का, यावर चीनमध्ये पुष्कळ वाद झाला. मला त्या सेकंदांचा प्रश्न अधिक गंभीर वाटतो. एक्सपेंगसह या बहुतेक कंपन्यांच्या विकल्या जाणाऱ्या गाड्या आज दुसऱ्या पातळीच्या आहेत: स्टिअरिंग, वेग आणि ब्रेक यंत्र सांभाळते, जबाबदारी मात्र पूर्णपणे चालकाची. चाकणला बनलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मधली कॅमेरा आणि रडारवर चालणारी सहायक यंत्रणाही याच पातळीची. तासभर सगळे नीट चालले की माणसाचे लक्ष उडणारच, तो त्याचा स्वभाव आहे. आणि यंत्र जितके चांगले, तितके ते लक्ष लवकर उडते. म्हणून माझ्या मते गाडी घेताना लायडार आहे का याच्या जोडीने आणखी एक गोष्ट विचारायला हवी: चालकाची नजर रस्त्यावर आहे की नाही हे गाडी कशी तपासते, आणि नसेल तर किती सेकंदांत काय करते?

अपघातानंतर एप्रिल २०२५मध्ये चीनच्या उद्योग मंत्रालयाने मोटार कंपन्यांची बैठक बोलावली आणि यंत्रणेच्या क्षमतेबद्दल अतिशयोक्त, दिशाभूल करणारा प्रचार करू नका, असे बजावले. तोवर शोरूममध्ये ‘स्मार्ट ड्रायव्हिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सोयीला आता तिथे ‘चालक सहाय्य’ म्हणावे लागते.