पू न धरणारं गळू

गळू पिकलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘पू धरलाय, आता फुटेल आणि ठणका थांबेल.’ तो पिवळसर पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल, जंतू गिळता गिळता संपलेल्या पांढऱ्या पेशी. रक्तात त्या धड एक दिवसही टिकत नाहीत, म्हणून अस्थिमज्जेला रोज सुमारे १०० अब्ज नव्या पेशी घडवाव्या लागतात.

काही बाळांना मात्र गळू होतं, लाल होतं, दुखतं, आणि पू काही धरत नाही. उत्तर स्वीडनमधल्या ओव्हरकालिक्स भागातल्या अशा बाळांबद्दल रोल्फ कोस्टमन या डॉक्टरांनी १९५६ मध्ये सविस्तर लिहिलं. त्यांच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल कच्च्या अवस्थेतच अडकून पडत, रक्तापर्यंत पोचतच नसत. बहुतेक बाळं तान्ह्या वयातच दगावत. दोष आईवडील दोघांकडून आला तरच हा आजार होतो. त्यामागचं ‘हॅक्स-१’ जनुक सापडायला २००७ उजाडलं.

आनुवंशिक न्यूट्रोफिल-कमतरतेचा दुसरा एक प्रकार तर घड्याळ लावल्यासारखा चालतो. साधारण दर २१ दिवसांनी पेशी जवळजवळ शून्यावर येतात, तीन-पाच दिवस तिथेच राहतात आणि पुन्हा वाढतात. त्या दिवसांत तोंड येतं, ताप चढतो, मानेत गाठी येतात. तापाच्या तारखांवर कॅलेंडरमध्ये खुणा करत गेलं, तर अर्धं निदान भिंतीवरच दिसायला लागतं.

दर मायक्रोलिटर रक्तात न्यूट्रोफिल १५०० च्या खाली गेल्या की त्या ‘कमी’ धरतात. खरा धोका ५०० च्या खाली. तेव्हा हिरड्या, कातडी, फुप्फुसं इथे जीवाणू आणि बुरशी शिरकाव करतात. अशा वेळी साधा वाटणारा तापही घरी काढायचा नसतो, थेट रुग्णालय गाठायचं. गंमत म्हणजे सर्दीच्या विषाणूंशी या मुलांचं इतरांपेक्षा फारसं वाकडं नसतं. ते खातं मुख्यतः लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींकडे. हल्ली जी-सीएसएफ या औषधाच्या इंजेक्शनांनी बहुतेकांच्या पेशी वाढतात आणि मुलं मोठी होतात.

इथवर हिशेब सरळ आहे : पेशी कमी, धोका जास्त. पश्चिम आफ्रिकेत तो साफ चुकतो.

तिथल्या जवळजवळ सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर ‘डफी’ नावाचं प्रथिन नसतं. याच प्रथिनाला धरून व्हायव्हॅक्स मलेरियाचा परजीवी, म्हणजे आपल्याकडचाही नेहमीचाच, तांबड्या पेशीत घुसतो. कडीच नाही म्हटल्यावर दार उघडणार कसं? पूर्वजांना मिळालेल्या या संरक्षणासोबत एक गोष्ट मागून आली : रक्तातल्या न्यूट्रोफिल कमी. अनेकांचा आकडा आयुष्यभर १५०० च्या खाली असतो, आणि तरीही त्यांना जंतुसंसर्ग इतरांपेक्षा जास्त होत नाही. अस्थिमज्जा भरलेली असते. उंदरांवरचे प्रयोग सांगतात की या पेशी रक्तातून लवकर बाहेर पडून ऊतींमध्ये जातात. आपण सुई टोचतो ती शिरेत, आणि मोजतो ते तेवढंच.

म्हणून या स्थितीला ‘कमतरता’ म्हणणंच मला चुकीचं वाटतं. १५०० ची रेघ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तावरून ओढलेली आहे. तिच्यापायी अस्थिमज्जा तपासायला धडधाकट माणसांच्या हाडात सुया गेल्या, केमोथेरपीचे डोस घटवले गेले. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनचं तर विचारूच नका. या औषधाने क्वचित न्यूट्रोफिल धोकादायक घटतात, म्हणून आकडा पाहूनच ते सुरू करतात. परिणामी ज्यांना दुसरं काही लागू पडत नव्हतं, अशा अनेक कृष्णवर्णीय रुग्णांना ते नाकारलं गेलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा लोकांसाठी सुरुवातीची मर्यादा १००० वर आणली.

कमी आकड्यामागे डफी आहे का, याचा अंदाज रक्तगटाच्या एका साध्या तपासणीतून येतो. त्यासाठी हाडात सुई घालावी लागत नाही.