भोपळा द्या म्हणतात, पण कुठला?

शेजारच्या काकूंच्या लॅब्राडोरचं पोट दोन दिवस बिघडलं होतं. अमेरिकेतल्या मुलीने फोनवर सांगितलं, "आई, त्याला भोपळा उकडून दे." काकूंनी इमानेइतबारे दुधी उकडला, कुस्करला आणि वाडगाभर समोर ठेवला. मुलीच्या डोक्यात होता लाल भोपळा, तोही डब्यातला. कुत्र्याने सगळा चाटूनपुसून खाल्ला, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. लॅब्राडोर वाडगासुद्धा खाईल.

चूक काकूंची नाही, नावांचीच गंमत आहे. आपल्याकडे लाल भोपळा आणि दुधी भोपळा, दोघेही भोपळेच. वऱ्हाडात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात, तर पुण्यात कोहळा म्हटलं की पेठ्याचा पांढरा कोहळा समोर येतो. गोव्यात तर कोकणीत लाल भोपळ्यालाच दुदी म्हणतात. आणि खरं सांगायचं तर आपल्या मातीत जुना आहे तो दुधीच. तो मूळचा आफ्रिकेतला, पण भारतात प्राचीन काळापासून पिकतो. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा याच जातीचा. लाल भोपळा अमेरिका खंडातला, युरोपीय जहाजांबरोबर इकडे आलेला. दोघे काकडीच्या कुळातले, म्हणून नातेवाईक, पण सख्खे भाऊ नव्हेत.

आता कुत्र्या-मांजरांना "भोपळा" द्या हा सल्ला मुळात आला अमेरिकेतून, आणि तिथे त्याचा अर्थ ठरलेला आहे: डब्यात मिळणारा लाल भोपळ्याचा घट्ट, बिनसाखरेचा गर. तिथल्या दुकानात शेजारीच तसाच दिसणारा दुसरा डबा असतो, गोड पायसाठीच्या सारणाचा. त्यात साखर आणि जायफळासारखे मसाले असतात, तो जनावराला द्यायचा नाही. परदेशात राहणाऱ्यांनी डब्याच्या मागचा घटकांचा मजकूर वाचावा. "भोपळा" या एकाच शब्दावर मजकूर संपला, तर तो बरोबरचा डबा.

हा गर काम करतो तो त्यातल्या तंतूंमुळे, म्हणजे चोथ्यामुळे. यातले काही तंतू पाणी धरून ठेवतात. त्यामुळे पातळ शौच जरा बांधून येते आणि कडक शौच मऊ होते. एकच पदार्थ जुलाबावर आणि बद्धकोष्ठावर कसा चालतो, याचं कोडं इथे सुटतं. पण एक मेख आहे. डब्यातल्या गरातलं बरंचसं पाणी काढलेलं असतं, त्यामुळे त्यात 100 ग्रॅममागे जवळजवळ 3 ग्रॅम तंतू असतात. आपण घरी पाण्यात उकडलेल्या लाल भोपळ्यात ते साधारण 1 ग्रॅमच भरतात. म्हणजे तिकडचा "एक चमचा" आपल्या पातेल्यात आला की तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणून लाल भोपळा उकडण्यापेक्षा वाफवावा, कुस्करावा आणि पातळ फडक्यात घालून पाणी निथळू द्यावं. श्रीखंडाचा चक्का बांधणाऱ्या घरात हे शिकवावं लागत नाही.

मग दुधी? इथे माझंही मत बदललं. मला वाटायचं, दुधीत चोथा नाहीच. पण उकडलेल्या दुधीतही 100 ग्रॅममागे 1 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, घरच्या उकडलेल्या लाल भोपळ्याइतकेच. खरा फरक दुसरीकडे आहे. कच्च्या दुधीत 95 टक्क्यांच्या वर पाणी आणि 100 ग्रॅममागे जेमतेम 14 कॅलरी, तर लाल भोपळ्यात 26. लाल भोपळ्यात बीटा-कॅरोटीन, म्हणजे अ जीवनसत्त्व ज्यातून बनतं ते केशरी द्रव्य, भरपूर, दुधीत जवळपास शून्य. शिवाय लाल भोपळ्याचा लगदा घट्ट होतो, दुधी कितीही निथळा, पाणी सोडतच राहतो. त्यामुळे बिघडलेल्या पोटासाठी लाल भोपळा हाताशी बरा. दुधीची जागा वेगळी: दूध-पोळी खाऊन गोल झालेल्या, नसबंदीनंतर जाड होत चाललेल्या कुत्र्याच्या जेवणातला थोडा भात किंवा पोळी काढून तिथे उकडलेला दुधी घातला, तर पोट भरतं आणि कॅलरी कमी जातात. "दुधी थंड असतो" म्हणून उन्हाळ्यात वाट्याच्या वाट्या घालणं मात्र नको. गार पाणी आणि सावली त्याहून कामाची.

दुधीचा धोका एकच, पण मोठा. दुधी कधीकधी कडू निघतो. तो कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवून तो जात नाही. 2010 मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर या विषयावर तज्ज्ञांची समिती नेमली गेली. सल्ला साधा आहे: आधी चिमूटभर तुकडा जिभेवर ठेवून बघायचा, कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खा दुधी फेकायचा. माणूस तोंड वाकडं करतो, अधाशी कुत्रा न चावता गिळतो. म्हणून त्याच्या वतीने चव आपण घ्यायची. लाल भोपळाही क्वचित कडू निघू शकतो, तेव्हा हीच सवय तिथेही.

मांजराची गोष्ट या सगळ्यात वेगळीच. लाल भोपळ्याची जी एवढी कीर्ती, त्याच्या केशरी रंगातून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाची, ती मांजराच्या बाबतीत फुकट आहे. कुत्र्याचं शरीर बीटा-कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करू शकतं, मांजराचं जवळजवळ नाही. त्याला ते मांस, यकृत, मासे यांतूनच तयार मिळावं लागतं. गोडपणाचंही तेच. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे भोपळा गोड आहे म्हणून ते खाईल ही आशा सोडा. जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या मांजराला चोथ्याचा उपयोग होतो, पण भोपळ्याने तो पुरेसा द्यायचा तर इतका भरवावा लागेल की मांस खायला जागा उरणार नाही. तिथे इसबगोलाची भुशी जास्त कामाची, कारण ती जवळपास सगळी तंतूच असते. प्रमाण आणि पाणी मात्र डॉक्टरांना विचारून.

लाल भोपळ्याच्या लगद्याच्या प्रमाणाचा अंदाज असा: मांजराला अर्धा ते एक चहाचा चमचा, छोट्या कुत्र्याला एक-दोन चहाचे चमचे, मोठ्या कुत्र्याला दोन-तीन मोठे चमचे, नेहमीच्या जेवणात कालवून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा, कारण लाल भोपळ्यात पोटॅशियम बरंच असतं. भोपळ्याच्या बियांनी जंत पडून जातात असं कुणी सांगितलं, तरी जंताचं औषध चुकवू नका.

आणि आपल्या पानातलं काही नको. भाजीत कांदा-लसूण असेल तर ती दोघांनाही विषारी, मांजराला अधिकच. दुधीहलव्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, थोडेसेही. घारग्यातला गूळ आणि तेल पोट आणखी बिघडवतात.

दोन प्रसंगी कुठलाच भोपळा शोधत बसू नये. लस न झालेलं पिल्लू उलट्या करतंय, रक्ताचे जुलाब होताहेत, तर तो पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकतो. तासांचा प्रश्न असतो. दुसरा प्रसंग बोक्याचा. तो पुन्हापुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसून कण्हतो, काही येत नाही, आणि आपण म्हणतो बद्धकोष्ठ झालंय. पुष्कळदा अडलेली असते ती लघवी. एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. ट्रेमध्ये ओली ढेकळं दिसत नसतील तर टोपली उचला आणि दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

एरवी पाव किलोची फोड आणलीत तर ती छोट्या कुत्र्याला आठवडाभर पुरून उरेल. निथळलेला लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला टाका आणि रोज वरच्या प्रमाणाइतकाच सोडवा. फ्रीजमध्ये नुसता ठेवलात तर तीन-चार दिवसांनी आंबतो.