युंगफ्राऊयोख

युंगफ्राऊयोख : स्वित्झर्लंडमधील बर्नीज आल्प्स पर्वतातील एक खिंड आणि तेथील रेल्वे स्थानक. समुद्रसपाटीपासून ३,४५४ मी. उंचीवरचे हे स्थानक यूरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे. जर्मन भाषेत ‘युंगफ्राऊ’ म्हणजे कुमारिका. ‘योख’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, आणि दोन शिखरांमधल्या खोलगट भागालाही तोच शब्द लावतात. युंगफ्राऊ (४,१५८ मी.) आणि म्योंख म्हणजे संन्यासी या दोन शिखरांमधली ही खिंड आहे. गाडीने ‘युंगफ्राऊवर जाऊन आलो’ असे सहज बोलले जाते, पण गाडी शिखरावर जात नाही. शिखर खिंडीपासून आणखी ७०० मी. उंच आहे आणि तिथे आजही गिर्यारोहकच पोचतात.

खिंडीच्या उत्तरेकडे वितळलेले बर्फ आरे नदीतून ऱ्हाइनला आणि पुढे उत्तर समुद्राला मिळते. दक्षिणेचे पाणी आलेच हिमनदीतून रोन नदीत आणि तिथून भूमध्य समुद्रात जाते. महाबळेश्वरी पडलेल्या पावसाची कृष्णा आणि सावित्री या दोन दिशांना जशी वाटणी होते, तशीच ही वाटणी आहे.

खिंडीपर्यंत रेल्वे नेण्याची कल्पना झुरिकचे उद्योगपती आडोल्फ गुयर-त्सेलर यांची. १८९३ साली ती त्यांना सुचली. याआधीच्या आराखड्यांत रूळ दरीतून थेट वर चढवायचे होते. गुयर-त्सेलर यांनी मात्र त्याच वर्षी क्लायने शायडेक या खालच्या खिंडीपर्यंत (२,०६१ मी.) पोचलेल्या रेल्वेपासून सुरुवात करायचे ठरवले आणि मार्ग डोंगराच्या बाहेरून न नेता आतून नेला. या निर्णयामुळे रूळ हिमकडे आणि वादळे यांपासून वाचले. म्योंख आणि त्याच्या शेजारचे आयगर या शिखरांचे कडेही विद्रूप झाले नाहीत, आणि माझ्या मते या रेल्वेचे सर्वांत मोठे श्रेय हेच आहे.

परवानगी देताना एक प्रश्न विचारला गेला : पायी न चढता, नुसते बसून एवढ्या उंचीवर गेलेल्या माणसाच्या शरीराचे काय होते? उत्तर शोधण्यासाठी बर्नचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ह्यूगो क्रोनेकर यांनी १८९४ मध्ये झेरमाटजवळच्या ब्राइटहॉर्न पर्वतावर, ३,७०० मी.हून अधिक उंचीवर, काही माणसांना हमालांकरवी उचलून नेले आणि त्यांची नाडी व श्वास तपासले. धडधाकट माणसाला थोडा वेळ थांबण्यात धोका नाही, मात्र वर गेल्यावर श्रम टाळावेत, असा निष्कर्ष निघाला. सव्वाशे वर्षांनंतरही प्रवाशांना द्यायचा सल्ला हाच आहे.

बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले. ते सात वर्षांत संपेल असा अंदाज होता, पण सोळा वर्षे लागली. बोगदा खणणारे मजूर बहुतेक इटलीहून आलेले होते. हिवाळ्यात बोगद्याच्या खालच्या तोंडाजवळील आयगरग्लेचर येथील त्यांच्या वस्तीचा खालच्या गावांशी संपर्क तुटे, म्हणून धान्य, सरपण, सुरुंगाची दारू असे सारे शरदातच वर साठवून ठेवावे लागे. सुरुंगांच्या अपघातांत अनेकांचे प्राण गेले. १८९९ मधल्या एका स्फोटातच सहा मजूर मरण पावले. त्याच वर्षी गुयर-त्सेलर यांचेही निधन झाले. पैसा अपुरा पडू लागला, तसा मार्ग तुकड्यातुकड्याने खुला करून त्या उत्पन्नावर काम रेटले गेले. १९०३ मध्ये गाडी आयगरवांड आणि १९०५ मध्ये आइसमेर या बोगद्यातल्या स्थानकांपर्यंत पोचली. फेब्रुवारी १९१२ मध्ये खिंडीजवळ बोगद्याचे तोंड उघडले आणि १ ऑगस्ट १९१२ रोजी, स्विस राष्ट्रीय दिनी, प्रवासी गाडी सुरू झाली. खिंडीतून शिखरापर्यंत लिफ्ट नेण्याचा मूळ बेत मात्र सोडून देण्यात आला.

मार्गाची लांबी सुमारे ९.३ किमी. असून त्यातला ७ किमी.हून अधिक भाग बोगद्यात आहे. चढ सर्वांत तीव्र ठिकाणी चारास एक आहे. एवढ्या चढावर चाके घसरतात, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी रूळ बसवलेला असतो आणि इंजिनाखालचे दंतचक्र त्यात अडकत वर चढते. उटीची निलगिरी रेल्वे याच तत्त्वावर चालते आणि दोन्ही मार्ग मीटरगेजच आहेत, पण निलगिरीचा चढ सुमारे बारास एक एवढाच आहे. युंगफ्राऊ रेल्वेचा दातेरी रूळ एमिल श्ट्रूब यांच्या रचनेचा आहे. रेल्वे पहिल्यापासून थ्री-फेज विजेवर चालते. उतरणाऱ्या गाडीच्या मोटारी ब्रेकचे काम करताना वीज निर्माण करतात आणि ती तारांत परत जाते, म्हणजे खाली येणारी गाडी वर जाणारीला हातभार लावते.

प्रवासाची सुरुवात इंटरलाकेन ओस्ट स्थानकातून होते. त्स्वायल्यूटशिनेन येथे गाडीचे दोन भाग होतात. एक लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला जातो. चुकीच्या डब्यात बसल्यास दुसऱ्या दरीत पोचाल, म्हणून डब्यावरची पाटी वाचावी. २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून ‘आयगर एक्स्प्रेस’ ही रोपवे थेट आयगरग्लेचरला पंधरा मिनिटांत नेते. वेळ वाचतो खरा, पण एक दिवस हाताशी असेल तर लाउटरब्रुनेन, वेंगेन, क्लायने शायडेक असे रेल्वेनेच जावे. कड्यांवरून कोसळणारे धबधबे, गवताळ उतार, मग अचानक समोर उभा राहिलेला आयगरचा उत्तर कडा हे सारे त्याच वाटेवर आहे. पुढे बोगदाच असल्याने बाहेरचे काही दिसत नाही. आइसमेरला वर जाताना गाडी काही मिनिटे थांबते आणि खडकात कोरलेल्या खिडक्यांतून बर्फाचा पसारा पाहता येतो.

वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असतो. कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंची गाडी सकाळच्या काही तासांत गाठते आणि शरीराला तेवढा अवधी मिळत नाही. डोके जड होते, जिना चढताना धाप लागते. सावकाश चालावे, पाणी पीत राहावे. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जुलैतही लोकरी कपडे आणि काळा चष्मा लागतो. तिकीट महाग आहे आणि ढग असले तर हाती काही लागत नाही, म्हणून वरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहून मगच निघावे.

खिंडीत १९३१ पासून संशोधन केंद्र आहे आणि स्फिंक्स या खडकावर १९३७ मध्ये वेधशाळा उभी राहिली. हवा स्वच्छ असल्याने वातावरणातील वायूंच्या मोजणीसाठी हे ठिकाण जगभर मान्यता पावले आहे. त्याच वेधशाळेच्या सज्जातून (सु. ३,५७० मी.) आलेच हिमनदी दिसते. आल्प्समधली ही सर्वांत लांब हिमनदी, वीस किमी.हून अधिक. २००१ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसास्थळ झाला. गर्दी बहुतेक वेळा बर्फात कोरलेल्या महालात आणि दुकानांत असते, पण खरा वेळ द्यावा तो या सज्जाला. खाली कॉनकॉर्डिया नावाच्या जागी बर्फाचे प्रवाह एकत्र येतात. तिथल्या कड्यावर १८७७ मध्ये गिर्यारोहकांसाठी झोपडी बांधली, तेव्हा ती बर्फापासून सुमारे ५० मी. उंच होती. हिमनदी तेव्हापासून इतकी खचली आहे की झोपडीपर्यंत जाणारा लोखंडी जिना खालच्या बाजूने पुन्हा पुन्हा वाढवावा लागला.