पॅनेल बदलणं वेगळं, सर्व्हिस वाढवणं वेगळं

अमेरिकेत १९५०च्या आगेमागे बांधलेलं घर घेतलं आणि दारात इलेक्ट्रिक गाडी आली, की इलेक्ट्रिशियनला बोलवावंच लागतं. एक जण म्हणतो, पॅनेल बदलून देतो. दुसरा म्हणतो, सर्व्हिस अपग्रेड करावी लागेल, आणि आकडा सांगतो भलताच मोठा. आपण साहजिकच दुसऱ्याला लुटारू ठरवतो. पण दोघं बोलत असतात दोन निराळ्या कामांबद्दल.

पॅनेल म्हणजे बहुधा तळघरात असलेली ब्रेकरची पेटी. जुनी फ्यूजची पेटी काढून ही लावली, की नव्या सर्किटांना जागा होते. घरात येणारी वीज मात्र तेवढीच राहते. ती ठरते सर्व्हिसवर: खांबावरची तार जिथे घराला भेटते ते वेदरहेड, तिथून भिंतीवरून उतरणारी केबल, मीटरची पेटी आणि मेन ब्रेकर. अशा घरांत ६० किंवा १०० अँपिअरची सर्व्हिस सापडते. २४० व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे २४ किलोवॉट, २०० म्हणजे ४८. घरातला एमसीबी बदलला म्हणून महावितरणकडचा मंजूर भार वाढत नाही, तसंच हे.

खरा घोटाळा करतो पेटीवर छापलेला आकडा. २०० अँपिअरची पेटी १०० अँपिअरच्या केबलला जोडता येते आणि त्यात काही चूक नाही, फक्त मेन ब्रेकर १००चाच हवा. तिथे कुणी २००चा बसवला, तर जास्त भाराने केबल तापत राहील आणि ब्रेकर ढिम्म हलणार नाही. म्हणून पेटीवरचं लेबल वाचून खूश होऊ नये, केबल कितीची आहे ते विचारावं.

आता बाहेरची भिंत. पॅनेल जागच्या जागी बदलताना तिला सहसा हात लागत नाही. सर्व्हिस वाढवताना मात्र नवी केबल, मीटरची पेटी आणि अनेक ठिकाणी आता सक्तीचा झालेला बाहेरचा मेन स्विच, हे सगळं भिंतीवरच बसतं. त्या काळातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या ठिसूळ फळ्या असतात, आपल्या सिमेंटच्या पत्र्यांचीच भावंडं. कधी कधी वरून व्हायनिलचं, म्हणजे प्लास्टिकचं, आवरण चढवलेलं असतं, त्यामुळे त्या दिसतही नाहीत. धड असेपर्यंत त्या फारशा त्रासदायक नसतात. कोरडं ड्रिल किंवा करवत लावली की तंतू हवेत उडतात, आणि ते फुप्फुसात जाणं हाच धोका. नुसत्या डोळ्यांनी ओळख पटत नाही, तुकडा प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

जाणता माणूस भोकं पाडायचं टाळतो. फळी पाण्याने भिजवायची, खिळ्यांची डोकी कापायची, ती अख्खी उतरवायची आणि त्या जागी लाकडी पाट बसवून मीटरची पेटी त्यावर लावायची. हे कोण करणार आणि उतरवलेल्या फळ्या कुठे जाणार, हे राज्याराज्यांत वेगळं असल्याने अंदाजपत्रकातच लिहून घ्यावं.

त्याआधी लोड कॅल्क्युलेशन, म्हणजे घरातल्या एकूण विजेच्या भाराचा हिशोब, मात्र करून घ्या. घर आणि पाणी गॅसवर तापत असेल, तर १०० अँपिअरमध्ये रात्री सावकाश चालणारा चार्जर पुष्कळदा बसतो, आणि मग भिंतीला हात लावायची वेळच येत नाही.