एलईडी पट्टीचा वीजपुरवठा : ठाणे-नवी मुंबईतील घरगुती जोडणी

एलईडी पट्टी (बोलीत ‘स्ट्रिप’) १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालते. घरात येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसी असते. या दोहोंमध्ये, मेन्सची म्हणजे घरात येणारी वीज पट्टीला चालेल अशी करून देणारा जो डबा बसतो त्याला एसएमपीएस किंवा ड्रायव्हर म्हणतात. ट्यूबलाइटच्या काळापासून काम करणारे वायरमन अजूनही त्याला ‘चोक’च म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईत फॉल्स सीलिंगच्या कडेने, टीव्ही युनिटमागे, ओट्यावरच्या कपाटांखाली आणि देवघरात ही पट्टी आता सर्रास दिसते. घरात चर्चा होते ती वॉर्म की व्हाइट याची. धोका मात्र बहुतेक सगळा त्या डब्यात आणि तो कुठे ठेवला आहे यात असतो.

खरेदी करताना आधी एक फरक ओळखावा लागतो. रोप लाइट किंवा ‘डायरेक्ट’ पट्टी म्हणून जी मिळते, तिच्या पिनजवळ फक्त एक छोटा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) असतो आणि पट्टीभर मेन्सचाच व्होल्टेज खेळतो. ती १२ व्होल्टची समजून मधेच कापली, तर उघड्या टोकाला हात लावणाऱ्याला थेट शॉक बसतो. दुसरी चूक ड्रायव्हरची. गोल डाउनलाइटचा ड्रायव्हर ठरावीक करंट देतो, म्हणजे ‘३०० मिलिअँपिअर’ असा. पट्टीला ठरावीक व्होल्टेज देणारा लागतो. दुकानात दोन्ही एकाच खोक्यात पडलेले असतात, म्हणून लेबल वाचणे आले. एलईडी ड्रायव्हरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर मानकचिन्हासोबत ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून वजनावर आणल्यासारखा स्वस्त माल आणला, तर बहुधा हाच क्रमांक नसतो.

लोडचा हिशेब

एका मीटरमध्ये ६० मोठे दिवे असलेली नेहमीची पट्टी मीटरला १४.४ वॅट घेते. पाच मीटरचा रोल म्हणजे ७२ वॅट. ७५ वॅटचा एसएमपीएस कागदावर पुरतो, पण तो कायम पूर्ण लोडवर तापत राहतो. वीस टक्के मोकळीक ठेवली की ९० वॅट लागतात, म्हणून १०० वॅटचा घ्यायचा. आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) उष्णतेला फार नाजूक असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. मोकळीक ठेवण्यावर खर्च होणारे शे-दोनशे रुपये म्हणूनच वाया जात नाहीत.

तारेची जाडी इथे लोक विसरतात. ७२ वॅट १२ व्होल्टवर म्हणजे ६ अँपिअर. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने डबा पाच मीटर लांब ठेवला, तर जाऊन-येऊन सुमारे एक व्होल्ट तारेतच मुरतो आणि पट्टी सुरुवातीपासूनच मंद दिसते. अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली की हे नुकसान अर्ध्या व्होल्टच्याही खाली येते. २४ व्होल्टची पट्टी त्याच वॅटला ३ अँपिअरच घेते, त्यामुळे मोठ्या हॉलला तीच बरी. एकाच पट्टीला पाच मीटरपुढे दुसरी जोडत जाऊ नये. प्रत्येक रोलला डब्यापासून वेगळी जोडी ओढावी. मात्र दोन एसएमपीएसची आउटपुट एकमेकांना समांतर जोडू नयेत.

बारा व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, हा समज अर्धाच खरा आहे. शॉक बसत नाही, पण आग लागू शकते. ढिल्या क्लिप कनेक्टरमधून ६ अँपिअर वाहू लागले की तो जॉइंट तापून प्लास्टिक वितळते, आणि मेन बोर्डावरच्या एमसीबीला (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या दृष्टीने लोड वाढलेलाच नसतो. जॉइंट सोल्डर करावा, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवावी, आणि डीसी बाजूला प्रत्येक रोलला फ्यूज द्यावा.

डब्याची जागा

सुतार, पीओपीवाला आणि वायरमन यांच्यात शेवटी जो येतो तो डबा जिथे मावेल तिथे कोंबतो. बहुधा ती जागा असते पीओपीच्या आत, वर फेविकॉलने चिकटवलेले प्लाय. ७२ वॅट देताना चांगला एसएमपीएसही १२-१३ वॅट उष्णता बाहेर टाकतो. ती निघायला वाट हवी. शिवाय डबा एक ना एक दिवस बिघडणारच, तेव्हा हात पोहोचला पाहिजे. सीलिंगला ट्रॅप डोअर ठेवावे, किंवा सरळ कपाटावर, माळ्यावर उघड्या जागी डबा स्क्रूने बसवावा.

जाळीचा पत्र्याचा एसएमपीएस कोरड्या जागेसाठीच असतो. त्याच्या जाळीतून झुरळे आणि पाली आत शिरतात, आणि मेलेली पाल दोन टर्मिनलांमध्ये अडकली की पुढचे सांगायला नको. पावसाळ्यात दमट हवा, खाडीकडून येणारा खारा वारा आणि वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींत वरच्या मजल्याच्या बाथरूममधून होणारे लीकेज, हे सगळे टर्मिनलांवर हिरवट गंज चढवते. बाल्कनीत, बाथरूमजवळ किंवा गळक्या स्लॅबखाली सीलबंद आयपी ६७ डबाच हवा (आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी). पट्टी आयपी ६५ असून डबा उघडा असेल, तर त्या आयपीला काही अर्थ नाही.

पत्र्याच्या डब्यावर बहुधा ११५/२३० असा छोटा सरकता स्विचही असतो. तो ११५वर राहिला आणि मेन्स चालू केले, तर कॅपॅसिटर फटाक्यासारखे फुटतात. बसवण्याआधी तो बघणे दोन सेकंदांचे काम आहे.

अर्थिंग आणि जोडणी

‘पट्टीच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलला चिणचिण लागते’ ही तक्रार ठाण्याच्या जुन्या इमारतींत नेहमी ऐकू येते. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपॅसिटर थोडासा करंट बॉडीकडे सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर हात लावणाऱ्यातून. अर्थिंगची हिरवी तार कापून टाकणे हा उपाय नव्हे, उलट तोच मूळ दोष आहे. फेज ‘एल’ला, न्यूट्रल ‘एन’ला, हिरवी तार अर्थच्या खुणेला, तारांच्या टोकांना लग (धातूची टोपी) लावून स्क्रू घट्ट करावेत. स्विच फेजवर असावा. न्यूट्रलवर असेल तर बंद पट्टीही रात्री मिणमिणत राहते आणि डबा ‘बंद’ असूनही जिवंत असतो. बंद केल्यावरही आतल्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट काही वेळ उरतात, म्हणून झाकण उघडू नये. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असावा. तो एसी बाजूला माणसाला वाचवतो. डीसी बाजूच्या तापलेल्या जॉइंटचे त्याला काही कळत नाही. मंद करण्यासाठी पंख्याचा रेग्युलेटर चालत नाही, डीसी बाजूचा डिमर लागतो.

महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत असते. कळवा-मुंब्रा भागात २०२० पासून वितरण टोरंट पॉवर पाहते, तरी मीटरपुढची वायरिंग ग्राहकाचीच. नवी वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायची असते.

गणपतीतले मखर हा याच विषयाचा वेगळा भाग. तिथे डबा फुलांमागे, सॅटिनच्या पडद्याखाली किंवा गाद्यांच्या ढिगावर ठेवला जातो आणि दिवस-रात्र चालू राहतो. पत्र्याचा डबा मखराबाहेर लाकडी फळीवर ठेवून कमी व्होल्टेजची तारच आत न्यावी; अभिषेकाचे पाणी, तेलाचे निरांजन आणि कापड यांच्यापासून तो हातभर लांब असला की पुरते. रात्री सगळे झोपायला गेले की प्लग काढावा, समई तेवत असली तरी.